कृष्णेचा गढूळपणा मोजताना : सांगलीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

3 जून

काम काय ठरलं ते आधी लिहून ठेवते. पावसाळाभर कृष्णेचं पाणी किती गढूळ आहे ते रोज आकड्यात मोजायचं. त्यासाठीचं यंत्र आपणच बनवायचं. आणि यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा कशाचा आहे हे सांगता आलं पाहिजे. ही शेवटची अट माझी आहे आणि ती मी सोडणार नाही.

सांगलीत पावसाळ्यात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलाशी नदीची पातळी किती. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाण्यात काय वाहून आलंय याचा आकडा कुणी विचारत नाही. तो खरं तर घरोघरच्या नळाशी जोडलेला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, गढूळपणाची मर्यादा 1 एनटीयू आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. जंतू मातीच्या कणांना चिकटून आडोशाला राहतात आणि क्लोरीन आधी बाकीच्या घाणीवरच खर्ची पडतं.

एनटीयू म्हणजे लिटरमागे किती माती, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडला की तरंगणारे कण तो इकडेतिकडे विखुरतात. त्यातला काटकोनात बाजूला आलेला प्रकाश किती, हे एनटीयू सांगतं. माती मोजायची तर तराजू लागतो, आपण मोजतोय ते प्रकाशाचं विकिरण. या दोन गोष्टींच्या मधे कणाचा आकार आहे, आणि सगळा प्रकल्प त्याच्याभोवती फिरणार आहे.

मंडळी: अकरावीतली तीन मुलं, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले दादा, आणि मी.

6 जून

डबा झाला. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, आतून काळा मॅट रंग. मधोमध गोल काचेची शिशी बसेल असं भोक. एका बाजूला एलईडी, तिच्या बरोबर समोर एक फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा सेन्सर) आणि काटकोनात दुसरा. दोन्ही बीपीडब्ल्यू 34 जातीचे. त्यांचा करंट फार बारीक असतो, म्हणून ऑप-अँप या वर्धक चिपनं तो व्होल्टेजमध्ये वाढवून घेतला, एडीएस 1115 या 16 बिटांच्या चिपनं त्याचा आकडा केला आणि तो आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाला दिला.

समोरचा डायोड कशाला, असं तिघांतल्या धाकटीनं विचारलं. प्रश्न चांगला होता. एलईडी जुनी झाली की मंद होते, पाण्याला रंग असेल तर तोही थोडा प्रकाश खातो. मग बाजूचा आकडा घटतो आणि पाणी निवळल्याचा भास होतो. समोर किती प्रकाश पोचला हे माहीत असलं की दोघांचं गुणोत्तर घेता येतं आणि यातलं बरंचसं आपोआप कटतं.

खोलीतला उजेड वगळायला एलईडी लावून एक वाचन, बंद करून एक, आणि वजाबाकी. ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, कारण वीज 50 हर्ट्झची. म्हणून प्रत्येक वाचन एक दशांश सेकंदभर चालवून सरासरी घेतोय, म्हणजे लुकलुक पूर्ण फेऱ्यांत मोजली जाते.

9 जून

पाऊस नाही. सरकारी घाटावरून पाणी आणलं. उन्हाळ्याच्या शेवटाचं, संथ आणि हिरवट.

एवढ्या एका बाटलीनं एलईडी कुठली लावायची ते ठरवून टाकलं. पांढऱ्या एलईडीनं मोजलं की शेवाळ निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं, आणि किती विखुरला, किती गिळला, याचा गुंता होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात हरितद्रव्य जवळजवळ पारदर्शक असतं. आयएसओ 7027 या आंतरराष्ट्रीय मानकात 860 नॅनोमीटर तरंगलांबी सांगितली आहे ती याचसाठी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पद्धत मात्र टंगस्टनच्या दिव्यानं मोजते. त्यामुळे एकाच पाण्याचे दोन मीटरवर दोन आकडे आले तर दोन्ही बरोबर असू शकतात. कुठल्या दिव्यानं मोजलं हे वहीत आकड्याशेजारी लिहायचंच.

आम्हाला बाजारात 850 ची एलईडी मिळाली. आमच्या कामाला पुरेशी जवळची आहे.

13 जून

आज नदी बाजूला ठेवली आणि दुधावर बसलो. यंत्रात काय घडतं ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं अशी इच्छा होती.

काचेच्या चौकोनी भांड्यात स्वच्छ पाणी, त्यात साय काढलेल्या दुधाचे थोडे थेंब, खोलीत अंधार, एका टोकाकडून टॉर्च. झोताची वाट पाण्यात लख्ख दिसायला लागली. हाच टिंडॉल परिणाम. नुसत्या पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात अशी वाट दिसत नाही. जॉन टिंडॉल लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होता. त्यानं 1869 च्या सुमारास काचेच्या नळीत बारीक बाष्पकणांचे ढग तयार करून त्यांतून झोत सोडला, तेव्हा बाजूनं पाहणाऱ्याला ते निळे दिसले. आमचं भांडंही बाजूनं निळसर दिसत होतं, आणि समोरच्या भिंतीवर पडलेला प्रकाश पिवळट-नारिंगी.

याचं कारण 1871 मध्ये रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं गणितानं मांडलं. कण तरंगलांबीपेक्षा खूप लहान असला तर विखुरलेला प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. मुलांनी गणित केलं: 450 नॅनोमीटरचा निळा आणि 650 चा लाल घेतला तर 650 भागिले 450 म्हणजे 1.44, त्याचा चौथा घात 4.35. म्हणजे निळा लालच्या चौपटीहून जास्त विखुरतो. आकाश निळं आणि मावळता सूर्य लाल, ते याच हिशेबानं. दुधातले प्रथिनांचे पुंजके हवेतल्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, साधारण दशांश मायक्रोमीटरच्या घरातले. त्यामुळे तिथे निळ्याची आघाडी आहे, पण चौपट नाही.

नंतरचा भाग मला सगळ्यात आवडला. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून पोलरॉइडची पट्टी सोलून काढली होती. ती डोळ्यासमोर धरून भांड्याकडे बाजूनं, झोताला काटकोनात पाहायचं आणि पट्टी फिरवायची. एका स्थितीत झोत उजळ दिसतो, पट्टी पाव फेरा फिरवली की तोच झोत विझत जातो. बारीक कणांनी काटकोनात फेकलेला प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात, त्याची ही खूण. तिघंही आळीपाळीनं पट्टी फिरवत बसले. मग साय असलेलं दूध घातलं. निळसर झाक गेली, पांढरट आलं, आणि पट्टी फिरवून फरक पडेना. सायीचे गोळे मोठे, काही तर तरंगलांबीच्या कितीतरी पट. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. ढग पांढरे दिसतात तेही यामुळेच.

मोठ्या कणांचं गणित गुस्टाफ मी या जर्मन शास्त्रज्ञानं 1908 मध्ये सोडवलं. त्याला सोन्याच्या कलिलांचे, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे, रंग उलगडायचे होते. ते गणित गोल कणांचं आहे. आपल्या काळ्या मातीतले चिकणकण गोल नसतात, चपट्या पत्र्यांसारखे असतात. म्हणून कृष्णेच्या पाण्याला ते तंतोतंत बसत नाही, पण एक गोष्ट त्यातून पक्की कळते. कण मोठा झाला की प्रकाश बहुतेक पुढेच फेकला जातो, बाजूला फार थोडा येतो. आमचा सेन्सर बाजूला बसलाय हे लक्षात ठेवायचं.

15 जून

दादांनी फॉर्मेझिन करून दिलं. एनटीयूचं सगळं मोजमाप या पांढऱ्या द्रवावर टेकलेलं आहे. हायड्राझिन सल्फेट आणि हेक्झामिन यांची ठराविक द्रावणं समप्रमाणात मिसळून 25 अंशांना 24 तास ठेवली की 4000 एनटीयूचा साठा तयार होतो. त्यातून पातळ करत 400, 100, 20. साठा टिकतो, पण पातळ केलेलं टिकत नाही, त्या त्या दिवशीच करावं लागतं. हायड्राझिन विषारी आहे, मुलांना त्याला हात लावू दिला नाही.

शून्यासाठी गाळलेलं ऊर्ध्वपातित पाणी. पाण्याचे रेणूही थोडा प्रकाश विखुरतातच, म्हणून खरं शून्य मिळत नाही. डब्यात भटकणारा प्रकाश त्याहून किती जास्त आहे एवढं यातून समजतं. शिशीवर ओरखडा असला की आकडा वर जातो. बोटाचा ठसा असला तरी जातो. शिशीवर खूण करून ती दर वेळी एकाच दिशेला ठेवायची.

22 जून

नवं पाणी आलं!

रात्री वरच्या भागात पाऊस झाला असणार. सकाळी घाटावर गेलो तर नदीचा रंग पालटलेला, तांबूस चहासारखा. नाववाले काका म्हणाले, ‘‘मॅडम, आज लई गढूळ हाय. म्हाबळेश्वरची माती आली बगा.’’ काकांचं म्हणणं खरं असायला जागा आहे. उगमाकडच्या डोंगरावर तांबडी जांभ्याची माती, खाली उतरल्यावर बेसॉल्टची काळी. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना मिळते आणि मग हे सगळं मिसळून आपल्याकडे येतं.

पोलरॉइडची पट्टी बरोबर होती. घाटाच्या पायरीवर उभं राहून पाण्याकडे तिरकं पाहिलं, पाण्यावर आकाशाची चमक होती. पट्टी फिरवली, एका स्थितीत चमक गेली आणि पाण्याचा स्वतःचा मातकट रंग वर आला. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश लंबाशी साधारण 53 अंशांच्या कोनात पूर्ण ध्रुवित असतो, म्हणून तो असा कापता येतो. 1921 मध्ये इंग्लंडहून बोटीनं परतताना सी. व्ही. रामन यांनी भूमध्य समुद्राकडे निकोल प्रिझममधून, म्हणजे पोलरॉइडचंच काम करणाऱ्या स्फटिकातून, असंच पाहिलं होतं. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅलेचं मत होतं. रामन यांनी आकाशाची चमक कापली तरी निळा राहिला, उलट गडद झाला. तो पाण्याच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश होता. तिथून सुरू झालेला शोध 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामापर्यंत पोचला. विज्ञान दिनाच्या भाषणांत मुलांनी ही तारीख दर वर्षी ऐकलेली असते, पण त्यामागे कुणीतरी पाण्याकडे पाहत उभं होतं हे त्यांना आज घाटावर कळलं, आणि मला फार बरं वाटलं.

29 जून

वाळू आणि माती. दोन शिश्या, दोन्हींत सारखंच पाणी. एकीत उसाच्या रानातली काळी माती वाळवून, कुटून, अर्धा ग्रॅम. दुसरीत नदीकाठची वाळू, तीही अर्धा ग्रॅम. दोन्ही हलवून यंत्रात ठेवल्या.

वाळूच्या शिशीत आकडा क्षणभर उसळला आणि आम्ही लिहीपर्यंत खाली आला, वाळू तळाला बसली. काळ्या मातीच्या शिशीत आकडा चढला आणि चढलेलाच राहिला. वजन तेच! मुलं शिशी उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहत होती.

याचा हिशेब असा. चिकणमातीचा कण 2 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान. एवढ्या कणाला 10 सेंटिमीटर खाली यायला सात-आठ तास लागतात. कण दहापट लहान असेल तर वेग शंभरपट कमी, म्हणजे महिना. शिवाय कण बारीक केला की त्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी वाढतो, आणि या आकारात प्रकाश विखुरण्याची ताकद पृष्ठभागावर ठरते. म्हणून एनटीयूवरून लिटरमागचे मिलिग्रॅम काढायचे असतील तर त्या नदीच्या पाण्याचा वेगळा आलेख लागतो: पाणी गाळायचं, गाळणकागद 105 अंशांना वाळवायचा, वजन करायचं, आणि त्याच पाण्याचा एनटीयू शेजारी मांडायचा. दुसऱ्या नदीचा आलेख इथे चालणार नाही. पुराच्या चढतीचा उतरतीला चालेल असंही धरायचं नाही, कारण चढत्या पाण्यात भरड माल जास्त असू शकतो.

24 जुलै

पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलंय. मुलांना काठावर येऊ दिलं नाही. पाणी वरूनच दोरीला बादली बांधून काढलं.

आज यंत्रानं काल-परवापेक्षा कमी आकडा दाखवला. डोळ्यांना तर पाणी चिखल दिसतंय. शिशीच्या पलीकडे धरलेलं बोटसुद्धा दिसेना. अकरावीतला मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, सेन्सर गेला बहुतेक.’’ सेन्सर गेला नव्हता. मी त्याला म्हटलं, ‘‘हेच पाणी निम्मं पातळ कर आणि पुन्हा ठेव.’’ त्यानं गाळलेलं पाणी घालून निम्मं केलं. आकडा वाढला. आणखी निम्मं केलं, पुन्हा वाढला. मग पुढच्या पायरीला घटायला लागला, आणि शेवटी पाणी निम्मं केलं की आकडाही निम्मा, असा सरळ चालू लागला.

पाण्यात कण थोडे असतात तेव्हा झोत मधे पोचतो, एकदा विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरपर्यंत येतो. कण दुप्पट, तर आकडा दुप्पट. कणांची दाटी झाली की झोत शिशीच्या मध्यापर्यंत पोचतच नाही, आणि विखुरलेला प्रकाश बाहेर येताना आणखी दहा कणांवर आपटतो. एका टप्प्यानंतर माती वाढते तसा आकडा उतरतो. महापुराच्या पाण्याचा आणि मध्यम गढूळ पाण्याचा आकडा एकच येऊ शकतो, आणि नुसत्या आकड्यावरून कळणार नाही की आपण चढणीच्या कुठल्या बाजूला उभे आहोत. अमेरिकेच्या पद्धतीत 40 एनटीयूच्या वर गेलं की पाणी पातळ करून मोजायला सांगितलंय, ते उगाच नव्हे.

आमच्यासाठी नियम ठरला, डब्याच्या झाकणावर चिकटवला: शंका आली की निम्मं करून मोजा. आकडा निम्मा झाला नाही तर आणखी पातळ करा. निम्मा होईल तिथला आकडा घ्या आणि जितके पट पातळ केलं तितक्यानं गुणा.

समोरच्या डायोडचा इथेही उपयोग आहे. त्याचा आकडा माती वाढेल तसा फक्त घटतच जातो. दोन्ही शेजारी लिहिले की लगेच कळतं.

11 ऑगस्ट

पाणी उतरलं. आता तुरटी.

चिकणकणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि दिवसेंदिवस तरंगतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा धन भार तो मोडतो, शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट गाळ बनतो आणि त्यात कण अडकतात. आमच्या आजीच्या घरी पुराचं पाणी कळशीत भरलं की तुरटीचा खडा चार वेढे फिरवायचे. त्याआधीच्या पिढ्या निवळीचं बी सहाणेवर उगाळून घालायच्या. शेवग्याच्या बियांतलं प्रथिनही हेच काम करतं.

आम्ही जार टेस्ट केली. एकसारख्या काचपात्रांत तेच पाणी, तुरटी लिटरमागे 10 मिलिग्रॅमपासून चढत्या क्रमानं 60 पर्यंत. एक मिनिट जोरात ढवळायचं, मग वीसेक मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही.

हळू ढवळत असताना मधूनच नमुना घेऊन यंत्रात धरला, तेव्हा गंमत दिसली. आकडा स्थिर राहीना. पुंजका झोतासमोरून गेला की उसळी, गेला की खाली. माती पात्रात तेवढीच आहे, काहीही बसलेलं नाही, तरी उसळ्यांच्या मधला आकडा सुरुवातीपेक्षा उतरलेला. कण एकत्र आले, पृष्ठभाग घटला, प्रकाश कमी विखुरला. 29 जूनला वाळू-मातीत पाहिलेलं आज उलट दिशेनं घडताना दिसलं.

तुरटी वाढवत नेली तसं पाणी आधी निवळत गेलं, मग एका मात्रेपलीकडे सुधारणा थांबली. त्यापुढची तुरटी वाया, शिवाय ती पाण्याचा सामू खाली आणते. कमीत कमी किती तुरटीत काम होतं हे शोधायलाच हे यंत्र हवं. उत्तर दर पावसाला बदलणार, म्हणून उत्तर देण्यापेक्षा मोजायला शिकवणं महत्त्वाचं.

2 सप्टेंबर

यंत्र नदीकाठच्या एका गावाच्या ग्रामपंचायतीत नेलं. टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकणं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहणारी ओटी टेस्ट करणं ही कामं तिथले पाणीवाले मामा रोज करतात. गढूळपणा ते आजवर ग्लास उजेडात धरून ठरवत आले आहेत, आणि त्यांची नजर तयार आहे. आम्ही आणलेल्या नमुन्यांची क्रमवारी त्यांनी यंत्राआधी बरोबर लावली. पण 5 एनटीयूच्या आतलं पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसतं, आणि 1 आणि 4 यातला फरक कुठलीच नजर सांगू शकत नाही. क्लोरीन नीट लागू पडायला पाणी शक्यतो 1 च्या खाली असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यंत्र लागतं ते इथे.

मामांनी विचारलं, ‘‘मंजी ह्यात माती किती हाय ते कळतंय का?’’ धाकटीनं मी बोलायच्या आत उत्तर दिलं, ‘‘नाही मामा. माती उजेड किती विस्कटते ते कळतं. बारीक माती जास्त विस्कटते, आणि बारीक मातीच क्लोरीनला त्रास देते.’’ माझी 3 जूनची अट पूर्ण झाली.

गावासाठी ठरलेलं: सकाळी टाकीत पाणी चढवण्याआधी एक वाचन, तुरटीनंतर एक, नळाला एक. शिशी मऊ सुती फडक्यानं पुसूनच ठेवायची. पाणी गार आणि हवा दमट असली की काचेवर बाहेरून दव धरतं आणि आकडा खोटा चढतो, तेव्हा शिशी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. हलवल्यावर बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं, बुडबुडेही प्रकाश विखुरतात.

उरलेली कामं: फॉर्मेझिनवर पुढची जुळणी 1 ऑक्टोबरला, दादांना आठवण करायची. गाळणकागदाच्या वजनांचा आलेख अजून अर्धा आहे, पुराच्या दिवसांचे कागद वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवलेत. हरिपूरला संगमाच्या वर कृष्णेचं आणि वारणेचं पाणी एकाच दिवशी वेगळं घ्यायचं, दोन्हींचा आलेख एकच निघतो की वेगवेगळा ते पाहायला. समोरच्या डायोडचा सोल्डर सैल वाटतोय, तो गावाला यंत्र कायमचं देण्याआधी पुन्हा करायचा.